महाबळेश्वरला गेल्यावर बरी चालणारी एमजीबी

दादरच्या काकांचा फोन आला तेव्हा तक्रार नेहमीचीच होती. गाडी पिकअप घेत नाही, चढाला मिसिंग करते, मधूनच कार्बोरेटरमधून शिंकते. पण फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "एक कळत नाही बघ. पसरणीचा घाट चढून वर गेलो की बरी चालते. महाबळेश्वरला तर काही तक्रारच नाही." पुढचे दोन महिने मी जे काही केलं ते या वाक्याच्या आधाराने केलं, म्हणून ते आधी लिहून ठेवतो.

गाडी १९६७ची एमजीबी, म्हणजे इंग्लंडच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची. काकांचे वडील इंग्लंडमधली नोकरी संपवून परत आले तेव्हा त्यांनी ती बोटीने बरोबर आणली. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि त्यावर दीड इंची दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर. आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे इथल्या मिस्त्रींना या इंजिनाचं भय वाटत नाही. अडतं ते दोन कार्बोरेटरपाशी.

माझ्याकडे येण्याआधी वर्षभरात गाडीवर बराच खर्च झाला होता. नवे प्लग, नवी कॉइल, कंडेन्सर, पॉइंट. मागच्या बाजूचा इलेक्ट्रिक पंप उघडून झाला होता. दोन्ही कार्बोरेटर धुऊन, नवं पॅकिंग घालून, जेट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बसवलेले होते. काकांनी सगळ्या पावत्या एका फाइलीत लावून आणल्या होत्या. त्या फाइलीतच वडिलांची एक छोटी वहीसुद्धा होती. १९७०च्या आसपासच्या एका पानावर निळ्या शाईत इंग्रजीत नोंद होती : दोन्ही जेट १२ पैलू खाली, टॅपेट १५ थाउ, प्लग २५ थाउ. (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, पैलू म्हणजे त्याखालच्या षटकोनी नटाची एक बाजू, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) काकांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाबांचं सेटिंग मात्र हलवायचं नाही. गाडी याच सेटिंगवर चाळीस वर्षं चालली आहे."

मला तेव्हाच त्यांना काही वचन देता आलं नाही.

फाइलीत अजून एक कागद होता, पीयूसीचा. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ०.३ टक्के. काकांना त्याचं कौतुक होतं, साठ वर्षांची गाडी आणि धूर इतका स्वच्छ. मला तो आकडा खटकला. या काळातलं इंजिन आयडलिंगला नीट चालत असेल तर सीओ साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतो. ०.३ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. त्याच कागदावर हायड्रोकार्बन हजाराच्या वर होतं. पेट्रोल कमी आणि तरी न जळलेलं पेट्रोल जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं. पण मिश्रण फार लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल फार कमी पडलं, की एखादा सिलिंडर पेटतच नाही आणि त्यातलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. गाडी पास झाली होती, पण गाडीचं दुखणं त्याच कागदावर छापलेलं होतं.

तरीही मी लगेच जेटला हात लावला नाही. कार्बोरेटरची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा इग्निशनची निघते, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट ०.०१५ इंचावर घेतले, दोन ढिले होते. पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, बरोबर. स्टॅटिक टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, १० अंशांऐवजी ७वर होतं, ते सुधारलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १५० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ. एवढं करून गाडी थोडी हलकी झाली, पण शिंक गेली नाही.

मग इंजिन चालू ठेवून कार्ब क्लीनरच्या स्प्रेची बारीक नळी पुढच्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल स्पिंडलच्या, म्हणजे हवेची झडप ज्या दांडीवर फिरते तिच्या, टोकाशी धरली. गॅरेजमधला पंखा बंद करून ठेवा आणि एक्झॉस्टवर थेंब पडू देऊ नका, एवढी काळजी घेऊनच हे करावं, कारण या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. पहिल्या फवाऱ्यालाच रेस चढली. म्हणजे स्पिंडलच्या झिजलेल्या भोकातून हवा आत ओढली जात होती. बोटाने हलवून पाहिलं तर खडखड जाणवत होती. मागच्या कार्बोरेटरलाही थोडी होती. दोन्ही बॉडी उतरवल्या, लेथवाल्याकडून बोअर करून पितळी बुश बसवले, नवे स्पिंडल घातले. यात आठ दिवस गेले. हे न करता मिश्रण जुळवायला बसलो असतो तर रोज वेगळं उत्तर मिळालं असतं.

आता एसयूबद्दल थोडं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. लंडनमधल्या स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रचना काढली. घरचा धंदा बुटांचा, आणि पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता. कल्पना मात्र आजही तीच आहे. सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचा जेट वेगळा, मेन जेट वेगळा, पिकअपचा पंप वेगळा. एसयूमध्ये हे सगळं काम एकच जेट करतो. वर घंटेसारखं झाकण, त्यात वरखाली होणारा पिस्टन, पिस्टनच्या तळाला खाली निमुळती होत गेलेली सुई, आणि ती सुई जेटच्या भोकात. इंजिनाने जास्त हवा मागितली की पिस्टन वर उचलला जातो, सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलला वाट मोठी होते. पिस्टन स्वतः जागा करून देत असल्याने जेटवरून जाणाऱ्या हवेची ओढ साधारण सारखीच राहते. किती हवेला किती पेट्रोल, हे त्या सुईच्या जाडीत घासून ठरवलेलं असतं. जेटखालचा षटकोनी नट फिरवला की जेट वरखाली होतो. नट खाली घेतला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, वर घेतला की लीन. एक पैलू म्हणजे एक षष्ठांश फेरी.

कार्बोरेटर परत बसवण्याआधी डॅशपॉट, म्हणजे ती घंटेसारखी झाकणं आणि त्यातले पिस्टन, तपासले. झाकण आणि पिस्टन ही घासून जुळवलेली जोडी असते, एकाचं झाकण दुसऱ्याला चालत नाही. धुताना कुणी अदलाबदल केली का, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. पिस्टनची भोकं बुजवायची, डॅम्पर (झाकणात वरून बसणारा छोटा दट्ट्या) बसवायचा, जोडी उलटी धरायची आणि झाकण किती वेळात घसरतं ते मोजायचं. या मापाला पाच ते सात सेकंद हवेत. पुढचं सहा, मागचं साडेपाच. जोड्या बरोबर होत्या.

जेट मध्यावर आणण्यात एक अख्खी दुपार गेली, आणि ती जाऊ दिली. या गाडीची सुई घट्ट बसवलेली असते, डुलत नाही, त्यामुळे जेट तिच्या बरोबर मध्यावर नसेल तर ती घासते. जेटचा लॉकनट अर्धी फेरी सैल करायचा, जेट वर दाबायचा, पिस्टन बोटाने हळूच तळाला टेकवायचा, नट आवळायचा. मग पिस्टन उचलून सोडायचा आणि ऐकायचं. नीट बसला असेल तर धातूवर धातू पडल्याचा स्वच्छ 'ठक्' येतो. जेट वर असताना आवाज दबका येतो आणि खाली घेतल्यावर जास्त स्वच्छ येतो, तर अजून बसलेला नाही. पुढचा तिसऱ्या खेपेला बसला. मागच्याने सात खेपा घेतल्या. काका शेजारी स्टुलावर बसून होते. सातव्या खेपेचा ठक् त्यांनीच माझ्याआधी ओळखला.

मग दोन्ही कार्बोरेटरमधली हवा सारखी केली. मधल्या दांड्याचे क्लॅम्प सैल केले, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं तोंडाशी धरून दोघांचा फुसफुसाट ऐकला, थ्रॉटलचे स्क्रू पाव पाव फिरवून एका सुरात आणले. फ्लो मीटर माझ्याकडे आहे, पण आयडलिंगला नळीवर मी जास्त विसंबतो. मिश्रणाच्या आधी हे व्हायलाच हवं. एक कार्बोरेटर जास्त हवा घेत असेल तर दोघांच्या मिश्रणाची तुलना करण्यात अर्थ नसतो.

एवढं सगळं झाल्यावर जेट वहीतल्याप्रमाणे १२ पैलूंवर ठेवले, डॅशपॉटमध्ये तेल भरलं, इंजिन पूर्ण गरम केलं आणि कार्बोरेटरच्या बाजूची छोटी पिन वर दाबली. ही पिन पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलते. मिश्रण बरोबर असेल तर रेस क्षणभर किंचित चढते आणि जागेवर येते, रिच असेल तर चढूनच राहते, लीन असेल तर लगेच पडते. दोन्हीकडे रेस पडली. इग्निशन नीट, हवेची गळती बंद, सेटिंग पुस्तकातलं, आणि तरी लीन.

इथे मला काकांचं ते वाक्य परत आठवलं.

उंचावर हवा विरळ असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३७० मीटरवर. तिथे हवेची घनता मुंबईपेक्षा साधारण साडेबारा टक्क्यांनी कमी. एसयूमध्ये पिस्टन तेवढाच उचलला गेला तरी त्याखालून जाणारी हवा वजनाने कमी भरते, पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच येतं. हिशेब वर्गमुळाचा आहे, त्यामुळे मिश्रण साधारण सहा ते सात टक्क्यांनी रिच होतं. हवा गार असेल तर थोडं कमी. एरवी डोंगरावर कार्बोरेटरची गाडी बिघडते, ती याच कारणाने. काकांची गाडी तिथे सुधारत होती. म्हणजे खाली मुंबईत तिला तितकंच पेट्रोल कमी पडत होतं.

सहा-सात टक्के कुठे गेले? उत्तर पेट्रोल पंपावर होतं. वडिलांनी ती नोंद लिहिली तेव्हाचं पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं. आज टाकीत पडतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. निव्वळ पेट्रोलचा एक किलो पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला लागते फक्त ९ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ई२०चा आकडा येतो १३.५च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. आजच्या गाडीत एक्झॉस्टमधला सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. एसयूची सुई १९६७ साली जशी घासली तशीच आहे. तिला इंधन बदलल्याचं कोण सांगणार?

हे तोंडाने सांगून काकांचं समाधान झालं नसतं, आणि माझंही नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, म्हणजे धुरावरून मिश्रण किती रिच-लीन ते सांगणारा सेन्सर, बसवायचं ठरवलं. त्यात एक अडचण होती. १९६७च्या या गाडीला सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं आहे. आजचं मीटर गाडीच्या वायरिंगवर लावलं असतं तर जळालं असतं. तेव्हा एक वेगळी बारा व्होल्टची बॅटरी शेजारच्या सीटखाली पट्ट्याने बांधली आणि मीटर फक्त तिच्यावर चालवलं. दुसरी खबरदारी आकडा वाचण्यातली. बहुतेक मीटर १४.७ वगैरे आकडे दाखवतात, पण ते पेट्रोल गृहीत धरून. सेन्सर मोजतो ते लॅम्डा, म्हणजे इंधन कुठलंही असो, पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे. १च्या वर लीन, खाली रिच. मीटर लॅम्डावर ठेवलं की इथेनॉलचा गोंधळ राहत नाही.

ठाण्याहून खोपोली आणि खोपोलीहून बोरघाटाचा चढ, अशी पहिली फेरी झाली. १२ पैलूंवर आयडलिंगला लॅम्डा १.००, सपाट रस्त्यावर ७०च्या वेगाला १.१०, घाटात पाय पूर्ण दाबल्यावर १.०१. शेवटचा आकडा वाईट. पूर्ण भाराखाली या इंजिनाला ०.८८ ते ०.९२ हवं. त्याहून लीन चालवत राहिलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि कार्बोरेटरमधून शिंका येतात. खोपोलीच्या वर दोनदा शिंकली. काका गाडी चालवत होते, त्यांनी मीटरकडे पाहिलं, पण बोलले नाहीत.

दुसरी फेरी जेट चार पैलू खाली घेऊन. इथे मी घाई केली, सोपा उपाय लागू पडतो का पाहूया म्हणून. आयडलिंग ०.८६वर गेलं, सिग्नलला पेट्रोलचा वास, इंजिन जड. घाटात मात्र फक्त ०.९७. कारण सुईच्या आकारात आहे. आयडलिंगला सुईचा जाड भाग जेटमध्ये असतो आणि भोवतीची फट अगदी बारीक, त्यामुळे एका पैलूचाही फरक मोठा पडतो. पिस्टन अर्धा वर गेला की फट कितीतरी मोठी होते आणि तोच पैलू तिच्या मानाने किरकोळ ठरतो. नुसता नट फिरवून ई२०ची भरपाई करायला गेलं की गाडी सिग्नलला काळी आणि घाटात कोरडी. बऱ्याच गाड्या आज अशाच फिरताहेत आणि त्यांचे मालक दर महिन्याला प्लग बदलताहेत.

सुईच बदलायला हवी होती. एमजीच्या वर्कशॉप पुस्तकात या वर्षाच्या गाडीला तीन सुया दिलेल्या आहेत : नेहमीची ५ नंबर, रिच ६ नंबर, लीन २१ नंबर. एसयूचे भाग आजही इंग्लंडमध्ये सॉल्झबरीला बनतात. ६ नंबरची जोडी मागवली, तीन आठवड्यांत आली. त्याबरोबर फ्लोटचे व्हॉल्व्ह आणि जेटखालच्या नळीचे रबरी वायसरही नवे मागवले, कारण जुने वायसर फुगून मऊ झाले होते. तोही इथेनॉलचाच प्रताप.

सुया घालण्याच्या दिवशी काकांनी वही परत आणली होती. म्हणाले, "म्हणजे बाबांचं चुकलं होतं असं नाही ना?"

"नाही काका. त्या पेट्रोलला तेच बरोबर होतं. आज ते पेट्रोल मिळालं असतं तर मी त्याच १२वर ठेवलं असतं."

ते थोडा वेळ वही उलटत राहिले. मग म्हणाले, "घाल."

सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाट आला पाहिजे. नखाने जाणवेल इतकाही वरखाली राहिला तर दोन कार्बोरेटर कधीच जुळत नाहीत. स्केलची कडा लावून दोन्ही तपासल्या, जेट पुन्हा मध्यावर आणले, ठक् ऐकला. पुढचा १३ पैलूंवर, मागचा साडेतेरावर स्थिरावला. पिन दाबल्यावर दोन्हीकडे रेस किंचित चढली आणि जागेवर आली. लॅम्डा आयडलिंगला ०.९३, ७०च्या वेगाला १.०३, बोरघाटात पाय दाबून ०.९१. शिंक नाही. पूर्वी अमृतांजन पूल होता त्याच्या अलीकडच्या चढावर काकांनी तिसऱ्या गिअरमध्येच गाडी ओढली आणि पहिल्यांदा मीटरकडे न बघता रस्त्याकडे बघत चालवली. खाली आल्यावर प्लग काढले. आधी पांढरेफटक होते, आता फिकट बिस्किटी.

पीयूसीवर सीओ २.४ आला आणि हायड्रोकार्बन निम्म्याहून खाली गेलं. ॲव्हरेज किती बदललं ते सांगण्याइतकी गाडी अजून चालली नाही.

एक गोष्ट राहिली आहे. मुंबईत बरोबर बसलेली गाडी महाबळेश्वरला आता सहा टक्के रिच होणार, हे मी काकांना आधीच सांगितलं होतं. दिवाळीनंतर ते गेले. तिथून त्यांनी प्लगचा फोटो पाठवला, कडेला काजळी होती. फोनवर म्हणाले की सकाळी चोक लागलाच नाही, आणि आयडलिंगला जरा जड आहे. दोन दिवसांसाठी नट हलवू नका, असं मी सांगितलं, कारण परत खाली उतरताना तीच गाडी पुन्हा लीन होईल, आणि थोडी रिच गाडी इंजिनाला इजा करत नाही. चार-पाच दिवस राहायचं असेल तर दोन्हीकडे एक एक पैलू वर, आणि वाईला उतरलात की परत खाली. पाना त्यांनी डिकीत ठेवला आहे. वहीच्या त्याच पानावर, बाबांच्या ओळीखाली, त्यांनी आता आपल्या अक्षरात लिहिलंय : सुई ६, पुढचा १३, मागचा १३।।, ई२०, मुंबई.